हवा तपासणीची गाडी, चार अ‍ॅनालायझर आणि वायर रोप माउंट: रबाळ्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईत ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रोडच्या कडेने जी एमआयडीसी पसरली आहे तिथल्या आसपासच्या वस्त्यांत रात्री केमिकलचा वास येतो ही तक्रार जुनी आहे, आणि एका जागी बसवलेलं हवा तपासणी केंद्र प्रत्येक सेक्टरात काही पोचू शकत नाही. म्हणून एका खासगी लॅबने फिरती गाडी करायची ठरवली. हलक्या ट्रकची चासी घेतली, रबाळ्यातल्या एका बॉडी बिल्डरकडून त्यावर बंद बॉडी बांधून घेतली, आत एसी, छतावर हवा ओढायचं नळकांडं आणि मागच्या भिंतीला टेकून उभा १९ इंची रॅक. रॅकमध्ये सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन असे चार अ‍ॅनालायझर, खाली पंप, यूपीएस आणि डेटा घेणारा कॉम्प्युटर, सगळं मिळून साधारण १६० किलो. गाडी, लॅब, माल देणारे, कोणाचंच नाव देत नाही, आकडेही राऊंड करून लिहितोय. आमचं काम व्हायब्रेशनचं, वागळे इस्टेटला बसतो, आणि हे प्रकरण आमच्याकडे आलं तेव्हा गाडी काही महिने रस्त्यावर फिरून झाली होती.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ही गाडी चालताना मोजत नाही. जागेवर जाऊन उभी राहते, जनरेटर किंवा कोणाकडून तरी घेतलेली लाईट चालू होते, मशिनं गरम होतात आणि मग मोजणी. म्हणजे रॅकला दोन वेगवेगळ्या प्रकारची हालचाल सोसायची आहे, प्रवासात मोठे दणके आणि उभं असताना जनरेटरची बारीक थरथर. हे दोन्ही एकच प्रश्न आहेत असं समजून सगळे उपाय शोधत होते, आणि गाडी तिथेच अडकली होती.

त्रास काय होता

सल्फर डायऑक्साइडच्या अ‍ॅनालायझरमध्ये अतिनील प्रकाशाचा दिवा असतो, गॅसवर तो प्रकाश पडला की गॅस स्वतः मंद चमकतो आणि ती चमक फोटोमल्टिप्लायर मोजतो. कार्बन मोनॉक्साइडवाल्यात आरशांमधून किरण अनेकदा पुढेमागे फिरवलेला असतो. म्हणजे आरसे, लेन्स, दिवा यांची जागा केसभर जरी सरकली तरी आकडा सरकतो, मशिन बंद पडत नाही, चुकीचं बोलायला लागतं, आणि ते जास्त वाईट.

लॅबच्या केमिस्ट मॅडम साईटवर पोचल्यावर दर वेळी झिरो आणि स्पॅन तपासायच्या, म्हणजे स्वच्छ हवा देऊन शून्य येतंय का आणि सिलिंडरमधला ठरलेला गॅस देऊन ठरलेला आकडा येतोय का. कधी बरोबर यायचं, कधी सल्फर डायऑक्साइडचं शून्य ४-५ पीपीबीने (पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत एक भाग) सरकलेलं. आता हे किती मोठं आहे ते बघा, २००९ च्या राष्ट्रीय मानकात सल्फर डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पीपीबीत ते साधारण ३० होतं. ३० च्या मर्यादेवर ४-५ ची सरक घेऊन कुठल्या कारखान्याला नोटीस काढायची आणि कुठल्या सोसायटीला सांगायचं की तुमची हवा ठीक आहे? मॅडम प्रत्येक वेळी पुन्हा कॅलिब्रेट करायच्या, त्यात रात्रीचे पहिले दोन तास जायचे आणि वासाची तक्रार नेमकी त्याच दोन तासांतली असायची.

शिवाय नायट्रोजन ऑक्साइडच्या मशिनमधलं एक कार्ड सॉकेटमधून सैल व्हायचं. सर्व्हिस इंजिनिअर यायचा, दाबून बसवायचा, जायचा.

मॅडमनी एक काम फार छान केलं होतं, लॉगबुकात रस्ता लिहिला होता. कोणी सांगितलेलं नव्हतं, स्वतःहून. पामबीचवरून गाडी आली की झिरो जवळपास जागेवर, शिळफाट्याकडून महापेला आली किंवा उरणच्या बाजूने कंटेनरच्या रस्त्याने आली की सरक. पावसाळ्यात जास्त. अशी नोंद समोर असली की अर्धं निदान तिथेच होतं.

उपाय आधी झालेले होते. रॅकखाली रबरचे चार माउंट, म्हणजे रॅक आणि फ्लोअरच्या मध्ये बसणारे हादरे कमी करायचे आधार, मूळ बॉडीतच होते. तक्रार आल्यावर बॉडी बिल्डरने मुंबईतल्या नागदेवी बाजारातून जास्त जाड आणि कडक रबर आणून लावलं. त्याने त्रास वाढला, मॅडमच्या वहीत ते तारखेसकट दिसतं.

पहिला निर्णय: विकत घ्यायच्या आधी मोजायचं

लॅबच्या साहेबांचा फोन आला तोच मुळी "वायर रोपवाले माउंट मिळतात ना, मिलिटरीत वापरतात ते, चार पाठवा" असा. त्यांनी कुठेतरी बघितले होते. वस्तू चांगली आहे यात शंका नाही, पण कुठल्या साईजचे पाठवायचे? फक्त वजनावर माउंट निवडणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत, ४ माउंट, १६० किलो, म्हणजे ४० किलोवाला द्या. वजन किती हे अर्धंच उत्तर आहे, खालून काय येतंय ते कळल्याशिवाय बाकीचं अर्धं मिळत नाही. आम्ही म्हटलं आधी एक फेरी मोजू.

मोबाईलमधल्या अ‍ॅपवर मोजायचं का हा प्रश्न आला. मोबाईल साधारण १०० सॅम्पल प्रति सेकंद घेतो, १०-१५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०-१५ वेळा होणारी थरथर त्यात दिसते, पण खड्ड्याचा दणका २० मिलिसेकंदात संपतो, तेवढ्यात मोबाईल दोनच ठिपके घेणार आणि टोक हुकणार. म्हणून तिन्ही दिशांचे दोन सेन्सर, एक गाडीच्या फ्लोअरला रॅकच्या पायाशी, दुसरा रॅकच्या वरच्या भागात, दोन्ही एकाच लॉगरवर, म्हणजे नोंद करणाऱ्या यंत्रावर. एकच सेन्सर लावला असता तर फक्त एवढं कळलं असतं की हादरे बसतात, जे सगळ्यांना माहीतच होतं. दोन लावले म्हणून रबराने काय केलं ते दिसलं.

फ्लोअरवर तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या. एक, २ हर्ट्झच्या आसपासचं डोलणं, ते गाडीच्या कमानीवरचं (पाट्यांच्या स्प्रिंगवरचं), सगळी गाडीच वरखाली होते. दोन, ११-१२ हर्ट्झची उसळी, ती चाक आणि अ‍ॅक्सलची, ट्रकच्या गाड्यांना बहुतेक १० ते १५ मध्येच असते. तीन, खड्डे आणि स्पीडब्रेकरचे सुटे दणके, मोठ्यातला मोठा साधारण ६ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), रुंदी २० मिलिसेकंद. रॅक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे होता, आणि गाडीच्या त्या लटकत्या शेपटाला सगळ्यात जास्त मार बसतो.

आणि रॅकवर? ११-१२ हर्ट्झची उसळी फ्लोअरच्या तिप्पटीहून जास्त. ६ जी चा दणका वर पोचेपर्यंत कमी तर झालाच नव्हता, किंचित वाढलेला.

कारण सरळ आहे. कुठलाही माउंट म्हणजे स्प्रिंग, त्यावर वजन ठेवलं की त्याची स्वतःची एक नॅचरल फ्रिक्वेन्सी होते, म्हणजे हलवून सोडलं की तो आपोआप सेकंदाला किती वेळा डोलतो तो आकडा. खालची हालचाल त्या फ्रिक्वेन्सीच्या १.४ पटीपेक्षा जलद असेल तरच माउंट ती कमी करतो, त्या फ्रिक्वेन्सीच्या जवळ असेल तर उलट वाढवतो. वजन ठेवल्यावर माउंट किती मिलिमीटर दबला त्यावरून अंदाज निघतो, १५.७६ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. रबर सव्वा मिलिमीटरच्या आसपास दबत होतं, म्हणजे १४ हर्ट्झ. चाकाची उसळी १२ ला, रबर १४ ला. बाजारातल्या रबरात डॅम्पिंग, म्हणजे हालचाल जिरवायची ताकद, थोडंच असतं, हिशोबाने साडेतीन पट वाढ येते आणि लॉगरवर जवळपास तेच दिसलं. कडक रबर लावल्यावर त्रास का वाढला? जाड असलं तरी ते फार दबत नव्हतं, फ्रिक्वेन्सी अजून वर गेली आणि खड्ड्याचे दणके थेट वर पोचायला लागले.

पर्याय जे विचारात घेतले

गाडी सुधारणं. चासी पूर्ण मालासाठी बनवलेली, आत भार अर्धाही नाही, म्हणून कमान कडक लागते आणि गाडी आपटत चालते. ड्रायव्हरभाऊंनी सुचवलं की एकेक पाटा काढून टाकू. काढू दिला नाही, गाडीच्या कमानीत असा हात घालणं सुरक्षेच्या दृष्टीने चूक आणि पासिंगलाही भारी पडेल. पण मागचे शॉकअप तपासायला लावले, एक तेल गळून मेलेला निघाला, तो बदलला. टायरमध्ये हवा गरजेपेक्षा जास्त होती, चासीच्या तक्त्याप्रमाणे भाराला लागते तेवढी केली. फुकटात मिळणारी सुधारणा आधी घ्यायची.

मऊ रबर. फ्रिक्वेन्सी ६-७ हर्ट्झपर्यंत उतरवायची तर रबर उभं राहताच ५ ते ७ मिलिमीटर दबायला हवं आणि वर दणक्याला २० मिलिमीटर आणखी. एवढं चालणारं रबर मिळतं, पण कायम दबलेलं रबर हळूहळू बसत जातं, आणि रबर-धातूचा साधा जोड ओढला की सुटायला लागतो. खड्ड्यातून गाडी वर येताना रॅक वर उडतो तेव्हा माउंट ओढलाच जातो.

लोखंडी कॉईल स्प्रिंग. दाब आणि चाल दोन्ही मिळते, पण डॅम्पिंग जवळपास शून्य, गाडी डोलायला लागली की रॅक डोलतच राहणार. सोबत डॅम्पर लावा, मग आडव्या दिशेला वेगळा, १६० किलोच्या रॅकसाठी ते फार होतं.

फोम. ट्रान्सपोर्टच्या पेटीत छान, कायम उभ्या असलेल्या गरम रॅकखाली नाही.

वायर रोप माउंट. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, स्टेनलेसची पिळलेली वायर रोप स्प्रिंगसारखी वेटोळ्यात फिरवलेली असते आणि वरखाली दोन पट्ट्यांमध्ये प्रत्येक वेटोळं घट्ट पकडलेलं. दबताना, ओढताना, बाजूला सरकताना, तिन्ही दिशांनी चालतो. दोरीतले बारीक तार एकमेकांवर घासतात त्यातून डॅम्पिंग येतं, कॅटलॉगवाले साधारण १५ ते २० टक्के देतात, रबरापेक्षा बरंच जास्त. तेल, ऊन, ओझोन याने काही होत नाही, आणि आमच्याकडे तर रॅकमध्येच ओझोनचं मशिन. सगळ्यात मोठं म्हणजे रॅक दोरीनेच बांधलेला राहतो, अपघात झाला तरी माउंट फाटून रॅक सहजासहजी सुटत नाही. युद्धनौकांवरचे पॅनेल, मिलिटरी गाड्यांमधले रेडिओ, गाडीवर कॅमेरा लावून शूटिंग करणारे, सगळे याच कारणासाठी वापरतात.

किंमत जास्त. रबरचे चार मिळून जे पैसे लागतात त्यात याचा एकही येत नाही.

इथे बॉडी बिल्डरकडचे फॅब्रिकेटर काका म्हणाले, "साहेब, क्रेनची दोरी आणतो, पाइपवर वळसे घालून पट्ट्यांत दाबतो, हजाराचं काम." काकांचा हात खरोखर चांगला आहे, दिसायला हुबेहूब बनवला असता. पण क्रेनच्या दोरीत ग्रीस असतं, बऱ्याचदा मध्ये धाग्याचा गाभा असतो, आणि इथे तर कोरड्या तारांच्या घर्षणावरच सगळं चालतं. वेटोळ्यांचा व्यास आणि दोरीची जाडी जरा बदलली की कडकपणा कितीतरी बदलतो, चार माउंट चार तऱ्हेचे झाले तर रॅक एका कोपऱ्यावर कलणार. काकांना तसंच सांगितलं आणि त्यांनी मानलं.

दुसरा निर्णय: किती मऊ

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

वायर रोप माउंट साध्या स्प्रिंगसारखा वागत नाही. हालचाल बारीक असेल तर तारा एकमेकांना धरून बसतात आणि माउंट कडक लागतो, हालचाल मोठी झाली की तारा सरकायला लागतात आणि तो मऊ होतो, अजून पुढे दाबला की पुन्हा कडक. म्हणून चांगल्या कॅटलॉगमध्ये कडकपणाचे दोन कॉलम असतात, एक व्हायब्रेशनसाठी आणि एक शॉकसाठी, व्हायब्रेशनचा आकडा मोठा. बरेच जण शॉकचा आकडा बघून फ्रिक्वेन्सी काढतात आणि खूश होतात.

दणक्याचा हिशोब असा. ६ जी, २० मिलिसेकंद, अर्ध्या साईन लाटेच्या आकाराचा दणका धरला तर वेगात बदल होतो ०.७५ मीटर प्रति सेकंद. शॉकच्या आकड्याने फ्रिक्वेन्सी ६ हर्ट्झ असेल तर रॅक साधारण २० मिलिमीटर चालणार आणि वर पोचणार ३ जी च्या आत. ७ हर्ट्झ धरली तर १७ मिलिमीटर आणि साडेतीन जी. दणका कमी हवा तर जागा जास्त द्यावी लागते, यातून सुटका नाही.

दणक्यापुरतं बघितलं तर ७ वालाही चालला असता. पण चाकाच्या उसळीत हालचाल मिलिमीटरच्या आसपासची, तिथे माउंट कडक, शॉकला ७ हर्ट्झवाला तिथे ९ च्या वर जातो, आणि ९ वर १२ ची उसळी घातली तर डॅम्पिंग धरूनही वाढच येते, थोडी पण वाढ. ६ वाला तिथे ८ ला राहतो, १२ ला ८ ने भागलं की १.५, म्हणजे १.४ च्या जेमतेम पलीकडे, आणि वर पोचणारी उसळी फ्लोअरच्या ०.८५ पटीच्या आसपास. कोणी म्हणेल ०.८५ म्हणजे १५ टक्केच कमी, यासाठी एवढा खर्च? पण आधी साडेतीन पट होतं ना. तुलना फ्लोअरशी करायची नाही, आधीच्या रॅकशी करायची.

अजून मऊ का नाही? ५ हर्ट्झला गेलो तर चाल २४ मिलिमीटर, वर स्थिर दाब, आणि रॅकच्या उजव्या बाजूला एसीचा डक्ट ४० मिलिमीटरवर. रॅकचं वरचं टोक तिथे डक्टला लागलं असतं, आणि लागलं की सगळ्या हिशोबावर पाणी. शिवाय खाली यावं तितकं गाडीच्या २ हर्ट्झच्या डोलण्याच्या जवळ जातो. ते डोलणं कुठल्याच माउंटने थांबत नाही, रॅक गाडीबरोबर वरखाली होतो आणि मशिनला त्याचा त्रासही नाही, फक्त त्याला वाढवायचं नाही एवढंच. मॅडमचंही एक म्हणणं होतं की मशिनचं बटण दाबताना रॅक मागे जायला नको. ६ ठरलं, प्रत्येक माउंटला साधारण ५७ न्यूटन प्रति मिलिमीटर.

तिसरा निर्णय: जनरेटरचं काय

साहेबांची अपेक्षा होती की हेच माउंट जनरेटरची थरथरही घेतील. नाही घेत. छोटा एक सिलिंडरचा ३००० आरपीएमचा सेट, त्यातून ५० हर्ट्झची थरथर येते आणि चार स्ट्रोक असल्याने २५ हर्ट्झची. फ्लोअरवर ती ०.२ जी च्या आसपास होती, ५० हर्ट्झला याचा अर्थ हालचाल २० मायक्रॉनची. एवढ्याशा हालचालीत दोरीतल्या तारा सरकतच नाहीत, माउंट जवळपास लोखंडाचा तुकडा होऊन बसतो, थरथर वर तशीच जाते. कागदावर ५० भागिले ६ करून कोणी म्हणालं की भरपूर आयसोलेशन आहे, म्हणजे थरथर खालीच अडते, तर ते या माउंटसाठी खरं नाही.

म्हणून जनरेटरची थरथर जनरेटरपाशीच थांबवायची ठरवली, आणि तिथे रबरच वापरलं. सेटखाली मऊ रबर, फ्रिक्वेन्सी १० च्या आसपास, वर जाऊ नये म्हणून पकडणारा स्टॉपर, सेटचा स्वतःचा वेगळा क्रॉसमेंबर (आडवा आधार) थेट चासीवर, आणि सायलेन्सरची गरमी रबरावर येऊ नये म्हणून मध्ये पत्रा. प्रवासात जनरेटर थोडा जास्त उसळला तरी त्याला काही होत नाही, त्याच्यात आरसे नाहीत.

प्रत्यक्ष काम

रॅक सव्वा मीटरहून उंच आणि खाली रुंदी अर्धा मीटर, वजनाचा मध्य वर. फक्त खाली चार माउंट लावले असते तर ब्रेक मारला की रॅक पुढे झुकला असता. उंच रॅकला मागे वरच्या बाजूला दोन छोटे वायर रोप माउंट भिंतीला लावतात, तेच केलं. पण भिंत म्हणजे काय? आतून प्लाय, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. काका प्लायमध्ये स्क्रू मारायला निघाले होते, तिथे थांबवलं, प्लाय काढून आतले चौकोनी पाइपचे खांब शोधले, दोन खांबांमध्ये आडवा पाइप वेल्ड केला आणि त्यावर जाड प्लेट. खालीही तसंच, फ्लोअरच्या चेकर्ड प्लेटवर माउंट न बसवता खालच्या क्रॉसमेंबरवर चॅनेल घेऊन. माउंट ज्यावर बसतो ती जागाच लवचीक असली तर हिशोब केलेली फ्रिक्वेन्सी उरतच नाही.

माउंटच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या, खालचा चॅनेल लोखंडाचा आणि गाडी खाडीकिनारी फिरणारी. अ‍ॅनोडाइज्ड पट्ट्या घेतल्या, चॅनेलला प्रायमर आणि रंग, मध्ये पातळ गॅस्केट, बोल्ट स्टेनलेसचे, नायलॉक नट.

मग वायरी आणि नळ्या. छतावरून येणारी टेफ्लॉनची नळी ताणून बसवलेली होती, तिला मोठा वळसा दिला. अर्थिंगला वेणीची लवचीक पट्टी वेगळी लावली, माउंट धातूचा आहे म्हणून त्याच्यातून अर्थिंग मिळतंय असं धरून चालायचं नाही.

पहिल्या फेरीत रॅकवरच्या ग्राफवर बारीक टोकदार काटे दिसले, रुंदी काही मिलिसेकंद, आणि फक्त उजव्या बाजूला वळताना. मऊ माउंटवरच्या रॅकवर असे काटे येणं म्हणजे कुठेतरी धातूला धातू लागतोय. इलेक्ट्रिशियनने काम झाल्यावर यूपीएसची वायर पुन्हा जुन्या जीआय पाइपमधून नेली होती आणि पाइप एका टोकाला भिंतीला, दुसऱ्या टोकाला रॅकला क्लॅम्प केला होता. नीटनेटकं दिसावं म्हणून केलेलं काम, त्याचा हेतू चांगलाच होता, पण त्या एका पाइपने सहा माउंटचं काम बायपास केलं. पाइप काढून लवचीक होज घातला, काटे गेले. त्याला रॅक हाताने हलवून दाखवला, मग त्याच्या लक्षात आलं आणि पुढच्या सगळ्या वायरी त्याने स्वतःच ढील देऊन बांधल्या.

परिणाम

त्याच रस्त्याने पुन्हा मोजलं. चाकाची उसळी रॅकवर आता फ्लोअरपेक्षा थोडी कमी, म्हणजे आधीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास. मोठे दणके निम्म्यावर आले. शॉकअप बदलल्यामुळे फ्लोअरवरचेही थोडे उतरले होते, त्याचं श्रेय माउंटला देत नाही. डक्टला रॅक लागला नाही.

मॅडमच्या वहीत शिळफाट्याची फेरी आणि पामबीचची फेरी आता वेगळी ओळखू येत नाही. सल्फर डायऑक्साइडचं शून्य जागेवर राहतं, कार्ड सैल होणं थांबलं. झिरो-स्पॅन तपासणी अर्थात दर वेळी होतेच, ती बंद करा असं कोणीही म्हणू नये.

एक गोष्ट सुटली नाही. ओझोनच्या मशिनची सरक तशीच राहिली. रस्त्याशी तिचा संबंध नव्हता हे वहीत आधीपासून दिसत होतं, ती दुपारी जास्त आणि रात्री कमी. एसीचा झोत थेट त्या मशिनवर पडत होता, झोत वळवल्यावर बरीच कमी झाली. व्हायब्रेशनच्या कामात हे नेहमी होतं, की गाडीतला प्रत्येक आजार हादऱ्यावर घातला जातो.

काय वेगळं करता आलं असतं

रॅकची जागा. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे न ठेवता दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये ठेवला असता तर फ्लोअरवरच दणका बराच कमी मिळाला असता आणि कदाचित साधे, कमी चालीचे माउंट पुरले असते. पण बॉडी बांधून झालेली, छतावरचं नळकांडं, डक्ट, दरवाजा सगळं त्या जागेला धरून केलेलं. हे ड्रॉइंगवर असताना कोणी विचारलं असतं तर एका रेषेचं काम होतं, म्हणून गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की नाजूक मशिन कुठे बसणार ते चासीवर खडूने आखून मग बॉडीला हात लावा. याच लॅबची दुसरी गाडी आता होतेय, तिच्यात रॅक मध्ये घेतलाय आणि चारही बाजूंना ५० मिलिमीटर मोकळी जागा सोडलीय.

कडक रबर लावण्याआधी कोणी फूटपट्टी घेऊन जुनं रबर किती दबलंय एवढं जरी बघितलं असतं तरी १४ हर्ट्झ कळलं असतं, त्याला लॉगर लागत नाही.

प्रवासापुरता रॅक क्लॅम्पने आवळून ठेवायचा आणि साईटवर मोकळा करायचा, असाही एक पर्याय सुरुवातीला पुढे आला होता. मी आजही त्याच्या विरोधात आहे, दणके प्रवासातच आहेत, तेव्हाच माउंट बंद करून ठेवण्यात काही अर्थ नाही. उलट, म्हणजे साईटवर रॅक हलू नये म्हणून तिथे क्लॅम्प लावायचा, हे करता येईल, फक्त निघताना तो काढायचा कोणी विसरला तर सगळं मुसळ केरात, म्हणून तोही ठेवला नाही.

देखभालीचं लॅबने लिहून घेतलंय. नवीन माउंट सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून पहिल्या महिन्यानंतर बोल्ट पुन्हा टॉर्कने आवळायचे आणि रॅकची उंची चारही कोपऱ्यांत मोजायची. नंतर दर सहा महिन्यांनी बॅटरीचा उजेड मारून दोरी बघायची, पट्टीतून बाहेर येते तिथे तार तुटलेला दिसतोय का, गंजाचा डाग आहे का. एका माउंटची तार तुटली तर तो बदलायचा आणि जोडीचा समोरचाही, कारण नवा आणि जुना एकत्र आले की रॅक कलतो. आणि रॅकमध्ये एखादं मशिन वाढवलं किंवा काढलं तर आधी वजन कळवायचं, ६ हर्ट्झ हे १६० किलोचं आहे, २०० किलोला ते साडेपाचच्या खाली जातं आणि तेव्हा डक्टपासूनचं अंतर पुन्हा मोजावं लागेल.